अकरा तास चाळीस मिनिटे

परीक्षेचा निकाल तयार करताना शिक्षकाच्या वाट्याला प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकच ओळ येते. वर्षभराचा अभ्यास, घरची अडचण, ऐन परीक्षेत आलेला ताप, कंदिलाशी जागून काढलेल्या रात्री, यांतले काहीच त्या ओळीत मावत नाही. ओळीच्या शेवटी एक आकडा लिहावा लागतो आणि पुढे सारे जग त्या आकड्यालाच तो विद्यार्थी समजू लागते. आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो.

अशीच एक ओळ ऑलिंपिक सामन्यांच्या दप्तरात आहे. सन १९१२, स्टॉकहोम. ग्रीको-रोमन कुस्ती, मध्यम वजनगट. द्वितीय क्रमांक, रौप्यपदक. मार्टिन क्लाइन, रशिया. या ओळीतील 'द्वितीय' आणि 'रशिया' हे दोन शब्द अगदी अधिकृत आहेत. पण त्यांच्यामागे काय दडले आहे हे ठाऊक नसेल, तर ती ओळ वाचूनही न वाचल्यासारखीच. विद्यार्थिमित्रहो, ते काय आहे, हे तुम्हांस सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

क्लाइन हा रशियन नव्हता. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची वस्ती तेरा-चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या गोव्याच्या वस्तीशी जवळपास जुळणारी. या देशाच्या दक्षिण भागात विल्यांदी परगण्यात तार्वास्तू म्हणून ठिकाण आहे. तेथे १२ सप्टेंबर १८८४ रोजी मार्टिनचा जन्म झाला. त्या काळी एस्टोनिया रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता आणि जमिनी बहुतांशी जर्मन वंशाच्या जमीनदारांकडे होत्या. त्या भागातील वेठबिगार कुळांना कायद्याने मुक्त केले गेले ते १८१९ साली. म्हणजे मार्टिनच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गुलामीचे दिवस डोळ्यांनी पाहिले होते. राज्य रशियनांचे, जमीन जर्मनांची, आणि शेतात राबणारे हात तेवढे एस्टोनियनांचे, अशी ती स्थिती.

अशा समाजाला स्वतःविषयी अभिमान वाटावा अशा जागा थोड्याच असतात. एस्टोनियन लोकांनी अशा दोन जागा शोधून काढल्या. एक म्हणजे त्यांची भाषा आणि तिच्यातील गाणी. १८६९ साली तार्तू येथे त्यांनी पहिला मोठा गीतमहोत्सव भरविला. दुसरी जागा म्हणजे कुस्तीचा आखाडा. जगप्रसिद्ध मल्ल जॉर्ज हाकेनश्मिट हा १८७७ साली तार्तू येथेच जन्मला. त्याचा समकालीन गेओर्ग लूरिख याने युरोपभर कुस्त्या मारल्या आणि आपण एस्टोनियन आहोत हे तो अभिमानाने सांगत असे. त्याच्या पराक्रमाच्या कथा एस्टोनियातील खेड्यापाड्यांत पोरांच्या तोंडी होत्या. क्लाइन हा त्या पोरांच्याच पिढीतला.

परंतु लूरिख आणि क्लाइन यांच्यात एक भेद होता, आणि तो समजल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळावयाची नाही. लूरिख, हाकेनश्मिट हे धंदेवाईक मल्ल होते. नाट्यगृहात वा सर्कशीच्या तंबूत तिकीट लावून कुस्त्या होत आणि मल्लांना पैसे मिळत. क्लाइन हा हौशी मल्ल. खेळाडूने खेळापासून पैसा मिळविता कामा नये, असा त्या काळी ऑलिंपिकचा दंडक होता. तो किती कडक होता याचा दाखला त्याच स्टॉकहोमच्या सामन्यांत मिळतो. जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी युवकाने तेथे पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. पण पूर्वी त्याने बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते असे उघडकीस आल्यामुळे १९१३ साली ती परत घेण्यात आली. पुढे १९८२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, पदके त्याच्या कुटुंबास देण्याचे ठरले. आणि या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे हा हौशी आणि धंदेवाईक असा भेद फारसा कोणी मानला नाही. आपल्या मल्लास राजाश्रय असे. त्याच्या खुराकाची, दूधतुपाची, बदामाची तरतूद दरबार करी. योगायोग असा, की राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेले खासबागचे कुस्तीचे मैदान याच १९१२ सालचे. एकाच वर्षी कोल्हापुरात राजाश्रयाची कुस्ती दगडी बांधणीच्या भव्य मैदानात आली आणि स्टॉकहोमला पैशाच्या बक्षिसावाचून एक मल्ल अकरा तास चाळीस मिनिटे झुंजला.

आता त्या कुस्तीकडे वळू. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे त्या वर्षी अठ्ठावीस देशांचे खेळाडू जमले होते. कुस्तीचा एकच प्रकार ठेवला होता, ग्रीको-रोमन. त्यात पाच वजनगट होते आणि पंचाहत्तर किलोपर्यंतच्या मध्यम गटात क्लाइन उतरला होता. नाव ग्रीक आणि रोमन असले, तरी हा प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झालेला. त्याचा मुख्य नियम असा की, कमरेच्या खाली हात लावावयाचा नाही आणि पायांचा उपयोग डावासाठी करावयाचा नाही. आपल्या आखाड्यातील कोणत्याही पोराला हा नियम ऐकून हसू येईल. पट काढावयाचा नाही, टांग मारावयाची नाही, ढाक लावावयाची नाही. मग उरले काय? उरतात ते हात, छाती आणि पाठ. प्रतिस्पर्ध्याच्या बगलेत हात घालावा, त्याच्या छातीला मिठी मारावी, त्यास उचलावे, पाठीवर फेकावे आणि त्याचे दोन्ही खांदे गादीस टेकवावे. खांदे टेकले म्हणजे कुस्ती निकाली.

हे बोलण्यास सोपे आहे. वास्तविक अशा कुस्तीत बचाव करणाराचे पारडे जड असते. खालचा मल्ल पालथा पडून, हातपाय फाकून गादीस चिकटला, तर त्यास उलटा करणे महाकठीण. कारण पाय धरून त्यास वळविण्याची तरफच वरच्या मल्लापाशी नसते. कमरेखाली धरण्याची मोकळीक असलेल्या कुस्तीतसुद्धा हा बचाव किती भक्कम ठरतो, ते आपल्या गामा पहिलवानाने अनुभवले होते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक गादीला चिकटूनच राहिला आणि त्या दिवशी कुस्ती निकाली होऊ शकली नाही. मग ज्या कुस्तीत पायांना हातच लावावयाचा नाही, तेथे काय होईल याची कल्पना करावी. आजच्या ग्रीको-रोमन कुस्तीत तीन तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि गुण मोजून निकाल देता येतो. स्टॉकहोमच्या पदकांच्या लढतीत घड्याळाने कुस्ती संपविण्याची अशी सोय नव्हती. मल्ल तुल्यबळ असले, तर कुस्ती चालतच राही.

मध्यम गटात सरतेशेवटी पदकांसाठी तिघे उरले. स्वीडनचा क्लास योहान्सोन, फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन आणि रशियाच्या नावाने खेळणारा क्लाइन. पैकी क्लाइन आणि आसिकाइनेन यांची जोड ठरली. सामने उघड्यावर होते. तो जुलै महिना, आणि स्टॉकहोम इतके उत्तरेस आहे की त्या दिवसांत सतरा-अठरा तास उजेड असतो. त्या वर्षी उन्हाळाही कडक होता. १४ जुलै रोजी झालेल्या मॅरेथॉन शर्यतीत फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगालचा धावपटू उन्हाने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेमुळे मृत्यू पावलेला तो पहिला खेळाडू. असल्या उन्हाच्या दिवसांत, डोक्यावर छप्पर नसताना, ही जोड गादीवर उतरली.

अर्धा तास झाला, निकाल नाही. थोडी विश्रांती देऊन मल्लांना पुन्हा उभे केले. एक तास झाला, दोन तास झाले. दर अर्ध्या तासाने घोटभर पेय आणि चार श्वास घेण्यापुरती उसंत मिळावी आणि पुन्हा हातात हात गुंतावे, असे चालले. आपली शाळा सकाळी भरते आणि दुपारी सुटते, तेवढ्या वेळात ही कुस्ती अर्धीसुद्धा झाली नव्हती. अखेर अकरा तास चाळीस मिनिटांनी क्लाइनने आसिकाइनेनचे खांदे गादीस टेकविले. म्हणजे सातशे मिनिटे. आजच्या सहा मिनिटांच्या कुस्तीच्या मापाने मोजले, तर एकामागून एक एकशे सोळा कुस्त्या खेळूनही ही कुस्ती थोडी उरतेच. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांबलेली दुसरी कुस्ती नाही.

विजय झाला, पण सुवर्णपदकासाठी योहान्सोनशी कुस्ती अजून व्हावयाची होती. क्लाइन त्या कुस्तीस उभा राहू शकला नाही. यात नवल नाही. स्नायूंना काम करण्यासाठी लागणारी साखर शरीर त्यांतच साठवून ठेवते. सतत ताण देणाऱ्या श्रमात हा साठा काही तासांतच संपत येतो आणि तो पुन्हा भरावयास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार यांची तूट निराळीच. मन कितीही खंबीर असो, रिकाम्या कोठारातून धान्य कोठून काढावे? योहान्सोनला सुवर्णपदक मिळाले, क्लाइनला रौप्य आणि आसिकाइनेनला कांस्य. योहान्सोनला कमी लेखण्याचे कारण नाही. १९२० साली अँटवर्पला त्याने वरच्या वजनगटात पुन्हा सुवर्णपदक मिळविले. तो खरोखरीचा थोर मल्ल होता. पण १९१२ सालच्या त्या गटाची गोष्ट निघाली म्हणजे लोक प्रथम क्लाइनचे नाव घेतात.

त्याच सामन्यांत आणखी एक चमत्कारिक प्रसंग घडला. वरच्या वजनगटाच्या अंतिम कुस्तीत स्वीडनचा आल्ग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग हे दोघे नऊ तास झुंजले. निकाल लागेना, तेव्हा पंचांनी कुस्ती थांबविली आणि कोणीच जिंकले नाही म्हणून दोघांनाही रौप्यपदक दिले. त्या गटाचे सुवर्णपदक कोणालाच मिळाले नाही. अशा अनुभवांनंतर कुस्तीला वेळेची मर्यादा असावी हे सर्वांस पटले आणि पुढे नियम बदलत गेले. आज कोठल्याही मल्लाला सहा मिनिटांत मोकळे होता येते, याचे थोडे श्रेय स्टॉकहोमच्या या मल्लांच्या घामाकडे जाते.

हे झाले 'द्वितीय' या शब्दाविषयी. आता 'रशिया' या शब्दाकडे पाहू.

आसिकाइनेन ज्या फिनलंडचा, तो देशही त्या वेळी झारच्याच सत्तेखाली होता. पण फिनलंडला आपला निराळा संघ पाठविण्याची मुभा मिळाली होती. त्या संघाने नऊ सुवर्णपदके जिंकली, आणि अवाढव्य रशियाला मात्र एकही मिळाले नाही. फिनिश खेळाडू जिंकला, तरी काठीवर निशाण चढे ते रशियाचेच. एस्टोनियाला तर निराळा संघसुद्धा नव्हता. म्हणून जगाने ही कुस्ती 'रशिया विरुद्ध फिनलंड' अशी पाहिली. प्रत्यक्षात गादीवर होते एकाच बादशहाचे दोन प्रजाजन, दोन लहान लोकसमूहांचे दोन पुत्र.

आणि त्याहून जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. एस्टोनियन आणि फिनिश या सख्ख्या बहिणी शोभाव्या अशा भाषा आहेत. रशियन वा जर्मन भाषेशी त्यांचे कुळ जुळत नाही. पाण्याला दोन्ही भाषांत 'वेसी' म्हणतात आणि हाताला 'कॅसी' म्हणतात. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि वर्गात मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून थांबावेसे वाटले. कोकणीत पाण्याला 'उदक' म्हणतात, मराठीत 'पाणी'. पण 'हात' दोन्हीकडे हातच. ज्या कुस्तीत केवळ हातांवर भिस्त, ती अकरा तास खेळलेल्या त्या दोघांपाशी हाताला शब्दही एकच होता. स्टॉकहोमच्या फलकावर मात्र ते परस्परांचे परके होते. माणसाची खरी ओळख फलकावरच्या देशनामापेक्षा मोठी असते, हे समजण्यासाठी याहून वेगळे उदाहरण मला शोधावे लागणार नाही.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. १९१४ साली महायुद्ध पेटले, १९१७ साली झारची सत्ता कोसळली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला फिनलंडने आणि १९१८ साली २४ फेब्रुवारीला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. ज्याच्या कथा खेड्यापाड्यांत सांगितल्या जात, तो लूरिख रशियातील यादवीच्या धामधुमीत १९२० साली आर्माविर येथे विषमज्वरासारख्या साथीला बळी पडला. त्याच वर्षी अँटवर्पला एस्टोनियाचा संघ प्रथमच स्वतःच्या निशाणाखाली चालला. त्या वेळी क्लाइनचे वय पस्तिशीला पोचले होते; ते निशाण खांद्यावर घेणारी पिढी दुसरी होती. १९२४ साली पॅरिसला एदुआर्द प्युत्सेप आणि १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला वोल्देमार व्हॅली यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत एस्टोनियाला सुवर्णपदके मिळवून दिली. १९३६ साली बर्लिनला क्रिस्त्यान पालुसालू याने तर दोन्ही प्रकारांतील अवजड गट जिंकले. ओंजळभर लोकांच्या देशाने जगाला वारंवार आसमान दाखविले. त्या परंपरेतील ऑलिंपिक पदकाचा पहिला मानकरी क्लाइन, जरी दप्तरात त्याच्यापुढे रशियाचे नाव असले तरी.

१९४० साली सोव्हिएत सत्तेने एस्टोनिया गिळंकृत केला. मध्यंतरी जर्मन आले, १९४४ साली पुन्हा सोव्हिएत आले. क्लाइनचा मृत्यू ११ फेब्रुवारी १९४७ रोजी झाला. जन्म झारच्या राज्यात, मृत्यू सोव्हिएत राज्यात. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून त्यास बावीस वर्षेच मिळाली. १९९१ साली एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला, तो पाहावयास तो नव्हता. आज मात्र त्याच्या देशाच्या क्रीडेतिहासाचे पहिले पान त्याच्या नावाने उघडते.

आपल्या मुलखाशी या कथेचा एक धागा जुळतो. आसिकाइनेनच्या देशाची राजधानी हेलसिंकी. तेथे १९५२ सालच्या सामन्यांत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी मुक्त कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लोकांकडून वर्गणी आणि उसनवारी करून ते तेथवर पोचले होते. तेथे एक दमविणारी कुस्ती संपते न संपते, तोच पुरेशा विश्रांतीवाचून त्यांना दुसऱ्या कुस्तीस उभे राहावे लागले, आणि त्यांची बाजू मांडावयास जवळ आपला अधिकारी नव्हता. 'तृतीय' या शब्दामागेही असे काही दडलेले असते.

यावरून क्रमांक निरर्थक आहेत असे मात्र कोणी समजू नये. क्रमांक लावावेच लागतात. शिक्षक या नात्याने मीही ते लावतो, आणि योहान्सोनचा पहिला क्रमांक न्यायाचाच होता; जो उभा राहू शकला त्यास पदक मिळाले. क्लाइनने तक्रार करावी असेही त्यात काही नव्हते. सातव्या, आठव्या तासाला सोडून देणे त्याच्या हाती होते. पुढच्या कुस्तीसाठी बळ राखून ठेवावे, हा हिशेब कोणालाही सुचला असता. समोर जे काम होते, ते त्याने पुरते केले. त्या पुरतेपणाची किंमत सुवर्णपदकाएवढी होती, आणि ती त्याने मोजली.

यंदा तुमच्या हाती निकालपत्रक पडेल, तेव्हा आपली ओळ नीट वाचा. ती टाळू नका. मग शेजारी बसणाऱ्या सोबत्याची ओळही वाचा, आणि तिच्या शेवटी लहान आकडा असेल, तर त्याला एकदा विचारून पाहा, की तुझी कुस्ती किती तास चालली होती.